कुठून मोजायचं?

घराच्या दारावरची पाटी करून घ्यायला आलेला माणूस बहुधा एका दमात सगळं डिझाइन सांगून टाकतो. "वर गणपती, मध्ये नाव, खाली फ्लॅट नंबर आणि कडेनं जराशी वेलबुट्टी." झालं. त्याच्या डोळ्यांपुढे पाटी तयार असते. किंबहुना ती दारावर लागलेली असते आणि समोरचे शेजारी ती बघून थोडे खट्टूही झालेले असतात. आता आपण फक्त कापून द्यायची. नेमकं इथेच सीएनसी राउटर या लाकूड कोरणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर नावाचं एक अतिशय सभ्य आणि अतिशय मठ्ठ प्रकरण आडवं येतं. त्याला 'वर' कळत नाही. कशाच्या वर? गणपतीचा कुठला भाग नावाच्या कुठल्या भागापासून किती वर? मुकुटापासून मोजायचं की उंदरापासून? आणि 'मध्ये' म्हणजे लाकडाच्या मध्ये, की वेलबुट्टीच्या आत उरलेल्या जागेच्या मध्ये, की गणपती आणि फ्लॅट नंबर या दोघांच्या मध्ये? हे तीन मध्य एका ठिकाणी येतीलच असं नाही. बहुधा येत नाहीत.

माणसामाणसांत हे खपून जातं. बोलताना आपण जागेचा निम्माच हिशेब सांगतो आणि उरलेला समोरच्याच्या समजुतीवर सोडतो. "जरा पलीकडे ठेव" म्हटलं की घरातल्या माणसाला कशाच्या पलीकडे ते बरोबर कळतं, कारण त्याला टेबलही माहीत असतं आणि आपला स्वभावही. यंत्राला दोन्ही माहीत नसतं. पडद्यावरची प्रत्येक आकृती त्याच्या लेखी एकटी असते. तिचं कुणाशी नातं आहे हे आपल्याला सांगावं लागतं. डिझाइन करणं म्हणजे चित्र काढणं, हा समज त्यामुळे या धंद्यात फार टिकत नाही. चित्रं तयार मिळतात. उभा, बसलेला, पानात कोरलेला, एका रेघेत ओढलेला असे हवे तितके गणपती मिळतात. खरं काम उरतं ते कोण कुणापासून किती अंतरावर, हे ठरवण्याचं.

त्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'अलाइन' नावाची एक छोटी चौकट असते. आस्पायर घ्या नाहीतर कोरल ड्रॉ, तिच्यातली मूळ बटणं तीच: डाव्या कडा जुळवा, उजव्या जुळवा, वरच्या, खालच्या, आडवा मध्य, उभा मध्य. दोन आकृत्या निवडायच्या आणि बटण दाबायचं. एक सरकते आणि दुसरीच्या ओळीत येऊन उभी राहते. सरकणार कोण? तर जी आधी निवडली ती. जी शेवटी निवडली ती आपल्या जागेवरून हलत नाही. बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. एकदम सगळ्यांवर जाळं टाकून निवड केली तर मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरचा कायदा वेगळा, म्हणून जाणती माणसं एकेकावर टिचकी मारत जातात आणि जिला हलवायचं नाही तिच्यावर शेवटी मारतात.

नवरा-बायको दोघांची नावं एकाच पाटीवर हवी असली की हा कायदा जरा नाजूक होतो. दोघं पडद्यासमोर शेजारीशेजारी बसलेली असतात. ऑपरेटर आधी तिच्या नावावर टिचकी मारतो, मग त्याच्या. बटण दाबल्यावर तिचं नाव टुणकन सरकून त्याच्या खाली येतं.

"म्हणजे माझंच हलवलंत ना?" वहिनी विचारतात.

ऑपरेटर तरुण असला तरी धंद्यात मुरलेला असतो. तो 'अनडू' करतो, उलट्या क्रमानं टिचकी मारतो, आता साहेबांचं नाव सरकतं. वहिनी प्रसन्न. पाटी दोन्ही वेळेला हुबेहूब तीच, फक्त फळीवर चार मिलिमीटर डावीकडे किंवा उजवीकडे. आणि तेही पुढच्या पायरीला पुसलं जातं, कारण दोन्ही नावांचा गट बांधून तो अख्खा गट फळीच्या मध्यावर न्यायचाच असतो. एकदा ओळ जुळली की कोण कुणाकडे आलं होतं याची खूण फाइलमध्ये राहत नाही. सॉफ्टवेअर जमाखर्च ठेवत नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी नाव फळीच्या मध्यावर नेलं आणि मग त्याखाली फ्लॅट नंबर आणून बसवला, तर नाव मध्यावर राहतं आणि एकूण मजकूर खाली घसरलेला दिसतो. आधी आपसात जुळवून घ्यायचं, मग गट बांधायचा आणि मग गटानं जगाच्या मध्यावर जायचं. उलट केलं तर प्रत्येक जण आपापल्या परीनं मध्यावर असतो आणि पाटी मात्र कलंडलेली असते.

इथवरचं दुखणं सगळ्या जगाचं आहे. आपल्या लिपीचं दुखणं निराळं. सॉफ्टवेअरला अक्षर दिसत नाही. अक्षराला चारी बाजूंनी टेकलेली अदृश्य पेटी दिसते. अलाइन करायचं म्हणजे त्या पेट्यांच्या कडा जुळवायच्या. रोमन मोठी अक्षरं जमिनीवर पाय रोवून उभी असतात, त्यांच्या पेट्या सारख्या उंचीच्या, त्यामुळे तिथे हे निभतं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. तिच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. आता एका पाटीवर 'पवार' आणि 'जोशी' अशी दोन नावं शेजारीशेजारी घ्या आणि वरच्या कडा जुळवण्याचं बटण दाबा. पवारांची पेटी शिरोरेषेलाच संपते. जोशींची पेटी मात्रा आणि वेलांटीच्या टोकापर्यंत जाते. यंत्र दोन्ही पेट्यांचे माथे इमानेइतबारे एका रेषेत आणतं आणि जोशींची शिरोरेषा पवारांच्या शिरोरेषेखाली बोटभर लोंबकळते. खालच्या कडा जुळवल्या आणि नाव 'गुरव' असेल तर उकारापायी अख्खं नाव वर उचललं जातं.

मध्यावर जुळवणं हा उपाय वाटतो, पण नसतो. 'शिंदे' या नावाचा सगळा साज वरच्या अंगाला आहे. पेटी वर वाढते, पेटीचा मध्य वर जातो आणि तो मध्य फळीच्या मध्यावर आणला की अक्षरांचं अंग खाली दबतं. 'गुरव'चं नेमकं उलट. समोरासमोरच्या दोन फ्लॅटांना एकाच मापाच्या, एकाच फळीच्या पाट्या लावल्या आणि दोन्ही नावं गणितानं बिनचूक मध्यावर असली, तर शिंदे जरा खचल्यासारखे दिसतात आणि गुरव जरा वर चढल्यासारखे. सोसायटीत यावरून काय बोलणी होतील ती होवोत, सॉफ्टवेअर आपल्या उत्तरावर ठाम असतं.

यावर तोडगा साधा आहे. एक जादा आडवी रेघ ओढायची, तिला टूलपाथ द्यायचा नाही, म्हणजे ती कापली जात नाही. आणि प्रत्येक नावाची शिरोरेषा त्या रेघेला चिकटवायची. नावं एकमेकांशी जुळवायचीच नाहीत. सगळ्यांनी त्या एका रेघेशी जुळायचं. काम झालं की रेघ पुसून टाकली तरी चालते. पाटी बघणाऱ्या कुणालाही तिथे कधी रेघ होती हे कळत नाही, पण सगळी शिस्त तिचीच असते.

शिरोरेषेचं आणखी एक लपलेलं काम असतं. मजकुराचं रेखाटनात रूपांतर केलं की प्रत्येक अक्षर स्वतंत्र बंदिस्त आकार होतं आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडं चढून बसतं. कागदावर छापताना हे दिसत नाही, शाईवर शाई पडली तर कोणाला कळतंय? राउटरचं बिट मात्र प्रत्येक आकाराच्या कडेनं फिरतं, त्यामुळे अखंड दिसणाऱ्या रेषेवर दर अक्षराला एक उभा छेद पडतो. म्हणून आधी सगळी अक्षरं 'वेल्ड' करून एकसंध करायची. नुसतं जवळ असणं आणि जोडलेलं असणं यात केवढा फरक आहे ते सहा मिलिमीटरच्या बिटाइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगत नाही.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची आणि नियतकालिकांची कितीतरी शीर्षकं हातानं रेखली. त्या अक्षरांना पेटी नव्हती. कुठली वेलांटी किती लांबवायची आणि कुठल्या अक्षरानं कोणासाठी अंग चोरायचं, हे तिथे डोळा ठरवत असे. डोळ्याला पेटीचा मध्य दिसत नाही, त्याला वजनाचा मध्य दिसतो. आणि तोही खरा मध्य मागत नाही. चौकटीच्या अगदी मध्यावर ठेवलेली वस्तू त्याला किंचित खाली ओघळल्यासारखी वाटते, म्हणून चांगला कारागीर ती मध्यापेक्षा केसभर वर ठेवतो. सॉफ्टवेअरमध्ये या केसासाठी बटण नाही. तिथे बाणाची कळ दोन-तीनदा दाबायची असते आणि मान तिरकी करून बघायचं असतं. कोट्यवधी आकडेमोडी करणाऱ्या यंत्रासमोर बसलेला माणूस मान तिरकी करून बघत असतो, यात या धंद्याचं सगळं मर्म आलं.

अलाइनचं भावंड म्हणजे 'डिस्ट्रिब्यूट'. तीन किंवा जास्त वस्तू समान अंतरानं मांडायच्या. समान अंतर कशा-कशामधलं? इथे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, वस्तूंच्या मध्यांमधलं अंतर सारखं ठेवा. दुसरा म्हणतो, वस्तूंमधल्या फटी सारख्या ठेवा. सगळ्या वस्तू एकाच रुंदीच्या असतील तर दोन्ही पक्षांचं एकमत होतं, जसं निवडणूक नसताना होतं. रुंद्या वेगळ्या झाल्या की वाद सुरू. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट करतात ती आठवा. चौघांचे मध्य समान अंतरावर ठेवायचे असं रेल्वेनं ठरवलं, तर दोन धष्टपुष्ट गृहस्थ एकमेकांना घासत बसतील आणि कडेच्या काटकुळ्या पोराच्या दोन्ही बाजूंना वारा खेळेल. मुंबईकर 'फटी सारख्या' या पक्षाचा आहे. तो कुठलंही बटण न दाबता, "जरा सरका" एवढ्यावर हे डिस्ट्रिब्यूट अमलात आणतो. आणि फटीची रुंदी शून्य असली तरी ती सगळ्यांना सारखी शून्य असते, याबद्दल कोणाची तक्रार नसते. फ्लॅट नंबरच्या आकड्यांना हाच न्याय लागतो. '७०१'मधला एक हा अंगानं बारीक. मध्य मोजून बसवला तर तो बाकीच्यांशी फटकून वागल्यासारखा दिसतो. स्क्रूच्या भोकांना मात्र पहिलाच पक्ष बरा, कारण भोकं सगळी सारखी असतात आणि भिंतीत ड्रिल मध्यावरच उतरतं.

ही नात्यांची भाषा यंत्रांकडे उशिरा आली. आधी आले ते निव्वळ आकडे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या उद्योगात होते. पात्याचा वळसा नेमका हवा, म्हणून त्या वक्रावरचे पुष्कळ बिंदू पंचकार्डाच्या यंत्रावर मोजून काढले जात. मग मिलिंग मशीनवर एक माणूस तक्त्यातले आकडे मोठ्यानं वाचायचा आणि दुसरे दोघं चाकं फिरवायचे, एक एक्सचं, एक वायचं. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकं म्हणतात तितक्याच गांभीर्यानं ते आकडे म्हटले जात असावेत. या मंडळींना रजा देण्याच्या खटपटीतून पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली गेली. चाकं फिरवणारे गेले, वाचणारा गेला, तक्ता राहिला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी त्याच एमआयटीत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्यानं १९६३ साली 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं वाकड्यातिकड्या रेघा ओढायच्या आणि मग सांगायचं, या दोन समांतर असू देत, या दोन सारख्या लांबीच्या, ही त्या दुसरीला काटकोनात. रेघा आपण होऊन सावरून बसायच्या. आकडा न सांगता नातं सांगायचं आणि आकडा यंत्रानं शोधायचा, ही गोष्ट तिथून सुरू झाली. आज फ्यूजनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपण जे 'कन्स्ट्रेंट' लावतो ते त्याच घराण्यातले.

कन्स्ट्रेंट लावायला लागलं की मोकळेपणा म्हणजे काय ते मोजता येतं. साधा चौकोन घ्या. चार कोपरे, प्रत्येकाला डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी दोन स्वातंत्र्यं, एकूण आठ. दोन बाजू आडव्या आणि दोन उभ्याच राहतील असं बजावलं की चार स्वातंत्र्यं संपली. लांबी सांगितली, पाचवं गेलं. रुंदी सांगितली, सहावं गेलं. आता वाटतं, झालं, चौकोन पुरता बांधला. कसला बांधला? माऊसनं धरून ओढला तर अख्खाच्या अख्खा पडद्यावर कुठेही फिरायला निघतो. त्याचा आकार ठरला, जागा ठरलीच नाही. तो शून्यापासून किती उजवीकडे आणि किती वर, ही दोन मापं दिली की मगच तो गप्प बसतो आणि त्याच्या रेघांचा रंग बदलतो. स्वतःबद्दल सगळं नीट ठरलेलं असूनही माणूस भरकटलेला असू शकतो, हे मला या चौकोनापाशी पटलं.

याच्या उलट टोकाला अटींची गर्दी. पाटी बारा इंचांची हवी. दोन्ही बाजूंना एकेक इंच समास हवा. आणि आजोबांचं पूर्ण नाव अकरा इंचांत सणसणीत दिसायला हवं. गिऱ्हाईकाच्या मते या तीन साध्या अपेक्षा आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. एकेकटी घेतली तर आहेतच. बेरीज तेरा होते. तिसरं माप टाकताच सॉफ्टवेअर लाल होऊन कळवतं की नव्या अटीचं जुन्या अटींशी जमत नाही, एक कुठलीतरी सोडा. ते कोणाची बाजू घेत नाही, आवाज चढवत नाही, आणि हो म्हणून नंतर वेळ मारूनही नेत नाही. गिऱ्हाईकही लाल होतं, पण शेवटी आजोबांचं मधलं नाव आद्याक्षरावर येतं.

नातं सांगायचं हे कबूल. पण कोणाशी, हा प्रश्न उरतोच. सगळ्यात सोपं वाटतं ते शेजाऱ्याशी. पहिलं भोक कडेपासून पन्नास मिलिमीटरवर, दुसरं पहिल्यापासून पन्नासवर, तिसरं दुसऱ्यापासून. जुन्या मिस्त्रींना असं माप सांगून बघा. कानावरची पेन्सिल हातात घेत ते एकच विचारतात, "कुठून धरू?" आणि आपण "मागच्या भोकापासून" म्हटलं की मान हलवतात. "तसं नको. टेप एकदा कडेला लावा, उचलू नका आणि पन्नास, शंभर, दीडशे असं सांगत चला." या म्हणण्यामागे पक्का हिशेब आहे. दर मापात एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर शेजाऱ्यापासून शेजारी असं मोजत गेलेल्या दहाव्या भोकापर्यंत ती चूक वाढत वाढत पुरा एक मिलिमीटर होऊ शकते. एकाच कडेपासून मोजली तर दहाव्या भोकाची चूकही एक दशांशच राहते, पहिल्याइतकीच. संगणकावर टेप सरकत नाही, पण तिथे आपण आकडे छाटतो. एक मीटरमध्ये तीस समान भाग हवेत म्हणून तेहतीस पॉइंट तीनचं अंतर देत गेलं की शेवटाला एक मिलिमीटर कुठे गेला ते शोधत बसावं लागतं.

शेजाऱ्याला धरून जागा ठरवण्यात दुसराही धोका आहे. बाराव्या वर्तुळाची जागा अकराव्यावर आणि अकराव्याची दहाव्यावर अवलंबून ठेवली आणि कोणीतरी मधलं सातवं पुसलं, तर आठव्यापासून पुढची सगळी निराधार. सॉफ्टवेअर एकामागून एक इशारे देतं की याचा संदर्भ हरवला, त्याचाही हरवला. शेजाऱ्यानं गाडी घेतली म्हणून आपण घेतली, आणि त्यानं कशावरून घेतली होती हे कोणालाच ठाऊक नाही, अशी ही साखळी. मिस्त्री म्हणतात तेच खरं: शेजारी जवळ असतो म्हणून तो माप धरायला योग्य असतोच असं नाही.

मग सगळ्यांनी ज्याला धरायचं ते शून्य कुठलं? यंत्राला स्वतःचं एक शून्य असतं. सुरू केल्यावर ते आपल्या कोपऱ्यात जाऊन स्विचला टेकतं आणि घरी पोहोचल्याचं कळवतं. आपल्या कामाचं शून्य निराळं. ते फळीच्या कोपऱ्यावर किंवा मध्यावर आपण घ्यायचं आणि यंत्राला सांगायचं की आता इथून मोज. अशी सहा निरनिराळी शून्यं यंत्राच्या आज्ञांपैकी जी ५४ पासून जी ५९ पर्यंतच्या खणांत ठेवता येतात. शिवाय जी ९० म्हटलं की यंत्र प्रत्येक माप शून्यापासून धरतं आणि जी ९१ म्हटलं की आत्ता जिथे उभं आहे तिथून. एकदा सांगितलेलं ते विसरत नाही. आधीच्या कामात ९१ लावून ठेवलं आणि पुढच्या फाइलनं ९० गृहीत धरलं, की बिट भलतीकडेच निघतं. म्हणून शहाणे लोक प्रत्येक फाइलच्या डोक्यावर जी ९० लिहितात, पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहायचे तसं.

शून्य निसर्गात कुठे पडलेलं नसतं, ते माणसांनी ठरवायचं असतं, आणि ठरवताना माणसं जे करतात ते करतात. आपल्या ज्योतिर्गणितानं मध्यरेषा उज्जैनवरून नेली होती. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ती ग्रिनिचवरून न्यायचं ठरलं तेव्हा फ्रान्सनं मत दिलं नाही. पुढे १९११ साली फ्रेंचांनी त्या रेषेची वेळ स्वीकारली खरी, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव येऊ दिलं नाही. आमची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे केलेली, असं लिहिलं. मुंबईनं तर १९०६ साली देशाची प्रमाणवेळ आल्यावरही आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सांभाळली. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. सरळ हिशेब आहे: शेवटी ज्याच्यावर टिचकी मारली तो हलत नाही, आणि आपल्यावर टिचकी शेवटी पडावी असं प्रत्येकालाच वाटतं.

वर्कशॉपात शून्य निवडायची कसोटी मात्र मानापमानाची नाही. शून्य अशा जागी घ्यावं जी त्याच कामात कापली जाणार नाही. उंचीचं शून्य घेताना फळीवर कागद ठेवतात आणि बिट खाली आणत कागद अडखळेपर्यंत सरकवून बघतात; साधा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा, तेवढं धरायचं. हे पृष्ठभागावर केलं आणि मग तोच पृष्ठभाग रंधून काढला, तर बिट बदलल्यावर टेकायला जागाच उरत नाही. नव्वद अंशांच्या टोकदार बिटानं अक्षरं कोरताना उंची अर्ध्या मिलिमीटरनं खाली चुकली तर रेघ एक मिलिमीटरनं जाड होते. नाजूक जोशी एकदम पहिलवान दिसू लागतात. म्हणून अशा कामात उंची यंत्राच्या पाटापासून मोजतात. पाट कापला जात नसतो. निदान जायला नको.

एवढं सगळं करून पाटी तयार होते. शिरोरेषा एका ओळीत, फटी सारख्या, गणपती केसभर वर. मग ती घेऊन दारापाशी जायचं आणि तिथे मिस्त्रींनी पाणसळ लावली की कळतं की दाराची चौकट एका बाजूला तीन सूत उतरलेली आहे. बिल्डरनं शून्य कुठलं धरलं होतं ते आता विचारून उपयोग नसतो. पाटी पाणसळीत लावली तर ती खरी सरळ असेल आणि चौकटीशेजारी वाकडी दिसेल. चौकटीला धरून लावली तर ती खरी वाकडी असेल आणि सरळ दिसेल. घरातले इंजिनिअर चिरंजीव पाणसळीच्या बाजूनं असतात. मिस्त्री थोडा वेळ ऐकून घेतात, पाणसळ पिशवीत टाकतात आणि पाटी चौकटीला समांतर धरून पेन्सिलीनं खुणा करायला लागतात. त्यांचं बरोबर आहे. ज्या पृथ्वीच्या मध्याकडे बघून पाणसळ आपला बुडबुडा स्थिर करते, तो मध्य सहा हजार किलोमीटरवर आहे. चौकट चार बोटांवर. येणारा-जाणारा ज्या दोन गोष्टी एका नजरेत बघणार आहे त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. चिरंजीवांना समजावून सांगायचं काम आपलं. आणि ते मान्य करेपर्यंत पाणसळीची पिशवी मिस्त्रींच्या खांद्यावरच राहिलेली बरी.